पूर्व स्टँडमधला आवाज

हेवॉन शहराच्या मालकीचा फुटबॉल क्लब चालू ठेवायचा की गुंडाळायचा, याचा निकाल नगरसभेत लागायचा होता, त्या वर्षीची ही गोष्ट. साथीचं वर्ष होतं. मोसम दोन महिने उशिरा सुरू झाला आणि सुरू झाला तोही रिकाम्या स्टेडियममध्ये. फाटकाला कुलूप, आत खेळाडू, पंच, कॅमेरेवाले आणि तोंडाला मास्क बांधलेली क्लबची आठ-दहा माणसं, एवढाच कारभार.

प्यो इन-सुक या स्टेडियमची ध्वनिखोली सांभाळायची. नोकरी शहराच्या सुविधा महामंडळाची, पण क्लब निघाला त्या दिवसापासून, म्हणजे सतरा वर्षं, ती त्या काचेमागच्या खोलीतच होती. खेळाडूंची नावं पुकारायची, गोल झाला की गाणं लावायचं, चुकलेल्या पोरांच्या आयांना बोलवायचं. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, मुळात अबोल. “लोकांची नावं पुकारण्यातच प्यो बाईंचं बोलणं संपतं,” असं ऑफिसात म्हणत, आणि ते तिला खोटं वाटत नसे.

क्लबचे व्यवस्थापक बान साहेब उद्यान खात्यातून बदलून आलेले. झाडांची माहिती दांडगी, फुटबॉलची बेताची. पहिल्या सामन्याच्या आधी ते खोलीत आले आणि म्हणाले, “प्यो बाई, टीव्हीवर बघताना अगदी मसणात खेळल्यासारखं वाटतं हो. जुन्या सामन्यांतला लोकांचा गलका आहे ना आपल्याकडे? तो लावा. बाकीचे क्लबही लावतायत.”

“कुठला लावू?”

“ज्यात लोक होते असा कुठलाही.”

असा सामना शोधायला इन-सुकला दोन दिवस लागले. अखेर तिला नऊ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधला एक सापडला. त्या दिवशी बंदरावरचा लिलाव लवकर आटोपून अख्खा मासळीबाजार पूर्वेच्या स्टँडमध्ये येऊन बसला होता. ढोल, शिट्ट्या, शिव्या, सगळं होतं. आणि त्या सगळ्यावर तरंगणारा एक आवाज होता. तो ऐकून इन-सुकला हसू आलं. तो आवाज हेवॉनमध्ये कोणीही ओळखला असता.

गुक चोल-बोक. बंदरावर पहाटे मासळीचा लिलाव पुकारणारा. गळा असा की धुक्यात अडकलेल्या होड्यांना भोंग्याची गरज पडू नये. क्लब निघाला तेव्हा बंदरावरच्या माणसांनी गणपतीची वर्गणी काढावी तसे घरटी शेअर घेतले होते, पण चोल-बोकने त्याचा दाखला काचेत बसवून लिलावाच्या ओट्यावर टांगला. नगराध्यक्ष सामन्याला आले की तो वरून ओरडायचा, “ओ साहेब, क्लब तुमचा नाही, माझा आहे. तुम्ही नुसते सांभाळायला ठेवलेले.” आणि डाव्या बाजूच्या बचावपटूवर त्याचा विशेष डोळा. “तीन नंबर, मागे! मागे बघ, मागे! पाठीवर डोळे लावून देऊ का?” गेली दोन वर्षं पूर्व स्टँडमधली त्याची जागा रिकामी होती. तो वारला तेव्हा क्लबतर्फे इन-सुकनेच फुलं नेऊन ठेवली होती.

पहिले दोन सामने ठीक गेले. गलका वाजत राहिला, मधूनच चोल-बोक तीन नंबरला मागे बोलवत राहिला. पोरं हसली. दोन्ही सामने हरले.

तिसऱ्या सामन्याला जूनमधलं समुद्राचं धुकं आलं. दुपारचे चार वाजले होते तरी पूर्व स्टँडच्या वरच्या दहा-बारा रांगा दिसत नव्हत्या. निळ्या खुर्च्या वर वर जात कापसात शिरल्यासारख्या वाटत होत्या. इन-सुक आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर बोट ठेवून बसली होती. पंचविसाव्या मिनिटाला स्पीकरमधल्या गलक्यावर तो आवाज उठला.

“सोक-जुन, आत! तो आत वळणार आहे, आत!”

तीन नंबरच्या पोराने आत पाऊल टाकलं आणि चेंडू अलगद त्याच्या पायात आला.

इन-सुकचं बोट पट्टीवरच राहिलं. ताक सोक-जुन हा वीस वर्षांचा पोरगा याच वर्षी संघात आला होता. नऊ वर्षांपूर्वी तो प्राथमिक शाळेत असेल. त्या सामन्याच्या ध्वनिफितीत त्याचं नाव असणं शक्यच नव्हतं.

सामना संपल्यावर तिने कानाला हेडफोन लावून ती फीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. ‘तीन नंबर, मागे’ चार वेळा. सोक-जुन हे नाव एकदाही नाही. टीव्हीवरचं चित्रीकरण मागवून पाहिलं. तिथे नुसता गलका. तिने स्वतःची समजूत घातली, की बाई, कान पिकले तुझे. पण जिन्यात तो पोरगाच समोर आला, केसांवरून टॉवेल फिरवत.

“मावशी, पूर्वेच्या स्टँडमध्ये बसतात ते काका कोण?”

“कोणी नाही तिथे. प्रेक्षकांना बंदी आहे.”

“मग मला सांगत कोण होतं?”

इन-सुक म्हणाली, “फीत आहे ती. जुनी.” आणि पुढे काही विचारू नये म्हणून भराभर जिना उतरली.

तो सामना जिंकला. पुढचा घरचा सामनाही जिंकला. सोक-जुनला पाहून जुने खेळाडू चक्रावले. समोरचा गडी वळायच्या आधीच पोरगा तिथे जाऊन उभा असायचा. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. बान साहेब खोलीत येऊन म्हणाले, “बाई, तो गलका मोठा करा जरा. आपल्याला मानवतोय. नगरसभेत निकाल लागेपर्यंत मला कशालाही हात लावायचा नाही.”

“साहेब, तुम्हाला त्यात काही वेगळं ऐकू येतं का?”

बान साहेबांनी मास्क सारखा केला. खिडकीतून पूर्वेकडे पाहिलं नाही. “मला फुटबॉलमधलं काय कळतंय?” म्हणाले आणि गेले.

त्यांनाही ऐकू येतंय, हे इन-सुकला तेव्हा कळलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी तिने ठरवून एक गोष्ट केली. सामना ऐन रंगात असताना तिने आवाजाची पट्टी पूर्ण खाली ओढली. गलका तुटला. ढोल तुटले. स्टेडियमभर बुटांचा आणि चेंडूचा आवाज उरला. आणि त्या शांततेत, स्पीकरमधून नाही, समोरून, धुक्यातल्या वरच्या रांगांमधून, उघड्या गळ्याचा आवाज आला.

“शाब्बास. आता लाइनीला चिकटून राहा.”

पंचांनी मान वळवून पाहिलं. पाहुण्या संघाचा गोलरक्षक हात कमरेवर ठेवून पूर्वेकडे बघत राहिला. क्षणभर सगळं मैदान थबकल्यासारखं झालं. इन-सुकने पट्टी पुन्हा वर ढकलली.

त्यानंतर सोक-जुनमध्ये फरक पडत गेला. जेवणघरात तो ताट पुढ्यात घेऊन नुसता बसायचा. बाहेरगावच्या सामन्यात तर तो आंधळ्यासारखा खेळला. चेंडू शेजारून जायचा आणि हा मान तिरपी करून ऐकत उभा. तीन गोल खाल्ले. परतल्यावर तो आपण होऊन ध्वनिखोलीत आला आणि दाराशी उभा राहिला.

“मावशी, फीत नाहीये ना ती?”

इन-सुकने खुर्ची पुढे केली. “बस. काय होतंय ते सांग.”

“आधी बरं वाटायचं. मला बाप नाही. असं ओरडून सांगणारं कोणी नव्हतं मला. आता मी चेंडूकडे बघतच नाही, डोळे मिटून खेळता येतं.” त्याने मागचं दार लोटून घेतलं. “पण गेल्या वेळेपासून ते खेळाचं सांगत नाहीत.”

“मग काय सांगतात?”

“म्हणतात, दमलास रे. इकडे ये. बस जरा माझ्याजवळ.”

इन-सुकने त्याला आजारी पडल्याचं सांगून घरी जायला सुचवलं. तो म्हणाला, “मी नाही खेळलो तर ते कोणाला बोलावतील?”

दुसऱ्या दिवशी ती बंदरावर गेली. मेंग सुन-न्यो, चोल-बोकची बायको, लिलावाच्या ओट्यामागच्या गल्लीत मासळी चिरायची. सत्तरीची, बुटकी, रबरी बूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. स्क्विडची पोटं फाडून ती जाळीवर वाळत घालत होती. इन-सुकने उकिडवं बसून, मान खाली घालून सगळं सांगितलं. आपल्याला वेड लागलंय असं म्हातारीला वाटेल, ही भीती होती. सुन-न्योची सुरी मात्र एकदाही थांबली नाही.

“आवाज कसा आहे? चांगला आहे?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“घोगरा नाही ना?”

“नाही. पूर्वीसारखाच आहे.”

मग सुन-न्योने सुरी ठेवली. “तुला ठाऊक नसेल, त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचा गळा कापला. आजार होता. आवाजाची पेटीच काढून घेतली. गळ्याला भोक, त्यावर रुमाल. तरी सामन्याला जायचे. नुसते बसून यायचे. घरी आले की भिंतीकडे तोंड करून निजायचे.” तिने हातमोज्याच्या पाठीने नाक पुसलं. “आता समजलं तो आवाज कुठे जाऊन बसला ते.”

“मावशी, तो त्या पोराला बोलावतोय.”

“बोलावणारच. जन्मभर हजार माणसांत ओरडलेला माणूस. रिकाम्या खुर्च्यांत करमेल होय त्याला?” ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. “मला आत नेशील?”

आत न्यायला परवानगी नव्हती. पण त्या दिवसांत शहराने बाजारातल्या काम गेलेल्या बायकांना स्टेडियममध्ये खुर्च्यांवर औषध फवारायला रोजंदारीवर घेतलं होतं. त्या यादीत इन-सुकने एक नाव वाढवलं. नियम मोडायची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

सामना रविवारी चारला. सकाळपासून धुकं हललं नव्हतं. फवारणीच्या बायका सामन्याआधी बाहेर गेल्या. सुन-न्यो पिवळा कोट आणि पाठीवरचा पंप तसाच ठेवून पूर्व स्टँडच्या बोगद्यात उभी राहिली. इन-सुकने गलका लावला, पण अगदी हळू.

पूर्वार्धात तो आवाज आलाच नाही. इन-सुकला वाटलं, बायको आलीय म्हणून म्हातारा गप्प बसला असावा. उत्तरार्धाच्या दहाव्या मिनिटाला चेंडू पलीकडच्या टोकाला होता आणि सोक-जुन खेळ सोडून चालू लागला. पळत नव्हता. कोणी ओळखीच्या माणसाने हाक मारल्यावर रस्ता ओलांडावा तसा पूर्वेकडे चालत निघाला. साइडलाइन ओलांडली. जाहिरातीच्या फळीवरून पाय टाकला. प्रशिक्षक ओरडत होते, पंचांनी शिट्टी फुंकली, त्याने मान वळवली नाही. खालच्या रांगेतल्या खुर्च्यांमधून तो वर चढू लागला. चौथ्या, पाचव्या रांगेपर्यंत गेला. त्याच्यापुढे धुकं सुरू होत होतं.

“ये,” आवाज म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. तरी काचेमागे बसलेल्या इन-सुकला कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट ऐकू आला. “ये बाळा. इथे जागा आहे.”

इन-सुकने माइक उघडला. सतरा वर्षांत तिने त्या माइकवर लिहून दिल्याशिवाय एक शब्द उच्चारला नव्हता. “मावशी,” ती म्हणाली, आणि सगळ्या स्टेडियममध्ये ते घुमलं, “जा आता.”

बोगद्यातून पिवळा कोट बाहेर आला. म्हातारीने सोक-जुनला दंडाला धरून खाली एका खुर्चीत बसवलं, मासळीची टोपली बाजूला ठेवावी इतक्या सहज, आणि स्वतः पायऱ्या चढत धुक्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

“मिरानचे बाबा,” लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारत ती म्हणाली. लिलावाच्या बाजारात उभं आयुष्य काढलेली बाई ती, तिचाही आवाज काही लहान नव्हता. “पुरे झालं. परक्याचं पोर ते, त्याची आई वाट बघतेय घरी. एकटं वाटतंय ना? मग माझ्याकडे का नाही आलात? की माझ्याशी बोलायला लाज वाटते? अडतीस वर्षं बाजाराला आवाज दिलात, या क्लबाला दिलात, घरी आलं की हूं आणि हां. आणि गळा गेला तर भिंतीकडे तोंड. मी काय भिंतीशी लग्न केलं होतं?”

मैदानात कोणी हलत नव्हतं. बावीस खेळाडूंपैकी एक खुर्चीत, बाकीचे जागच्या जागी.

“उठा,” ती मऊ आवाजात म्हणाली. “थंडी आहे इथे. घरी चला. भात झाकून ठेवलाय.”

मग तिने डावा हात बाजूला केला, कोपरात वाकवून, कोणाला आधार द्यावा तसा. आणि वळून ती खाली उतरू लागली. एक पायरी उतरायची, थांबायची. दुसरी उतरायची, थांबायची. शेजारचा माणूस गुडघ्याने अधू असावा आणि त्याला घाई करायची नसावी, अशी. सोक-जुनच्या जवळून जाताना ती जरा कडेला झाली, दोन माणसांना वाट लागते तेवढी. सोक-जुनने पाय आखडून घेतले. मग ती बोगद्यात शिरली आणि फाटकाकडे निघून गेली.

सामना अकरा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. सोक-जुनला बदली करून बाहेर नेलं. आपण खुर्चीत कसे आलो हे त्याला सांगता आलं नाही. भूक लागलीय एवढंच म्हणाला आणि गाडीत बसून शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या, किंबापच्या, तीन पुड्या संपवल्या. सामना एक-एक बरोबरीत सुटला. त्या दिवसानंतर पूर्व स्टँडमधून काही ऐकू आलं नाही.

लीगच्या निरीक्षकांनी अहवालात ‘अनधिकृत व्यक्तीचा प्रवेश’ असं लिहिलं. बाकी काही लिहायला त्यांचाही हात धजला नसावा. चौकशी झाली. इन-सुकने यादीत नाव आपणच घातल्याचं कबूल केलं आणि तिची बदली शहराच्या जलतरण तलावावर झाली. तो तलाव साथीमुळे कोरडाच होता. बान साहेबांनी निरोपाला एक कुंडीतलं झाड दिलं आणि म्हणाले, “पाणी कमी घाला, बाई.” जरा घुटमळून म्हणाले, “तुम्ही माइकवर बोललात ते बरं केलंत. मी खाली उभा होतो. माझे पायच उचलत नव्हते.”

ऑगस्टमध्ये थोड्या प्रेक्षकांना आत सोडलं, ओरडायचं नाही या अटीवर. संघ आठवा आला. नगरसभेतला निकाल बंदरावरच्या माणसांनी शेअरचे दाखले हातात धरून दारात ठिय्या दिल्यामुळे एका वर्षाने पुढे गेला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुढे गेला. सोक-जुन हिवाळ्यात सक्तीच्या लष्करी सेवेला गेला. जाताना तो बरा, साधारण खेळणारा बचावपटू होता.

नोव्हेंबरमध्ये, थंडी पडू लागल्यावर, इन-सुक सुन-न्योला भेटायला टेकडीवरच्या तिच्या घरी गेली. सोबत मोसंब्यांची पिशवी होती. दाराबाहेर दोन जोड चपला होत्या, एक लहान रबरी, एक मोठ्या जुन्या कातडी. सुन-न्यो परसात मुळे आणि कोबी धूत होती. हिवाळ्यासाठी किमचीचं लोणचं घालायचे दिवस होते.

“आत बस,” ती म्हणाली. “जमीन तापवलीय. मी एवढं आटोपून आले.”

“कशा आहात, मावशी?”

“झोप पुरत नाही.” पण तिचा चेहरा काही त्रासलेला दिसत नव्हता. गालावर रंग होता, केसही रंगवलेले होते. “दिवसभर बोलणं चालू असतं. शेजारीण विचारते, टीव्ही एवढा मोठा का लावता म्हणून. अडतीस वर्षांचं साठलेलं, एकदम कसं संपेल? तरुणपणी मला पहिल्यांदा कुठल्या धक्क्यावर पाहिलं, कोणता झगा होता, सगळं आठवतं मेल्याला. मी म्हटलं, तेव्हा का नाही बोललात? तर म्हणे, तेव्हा लिलाव होता.”

तिने कोबी पिळून टोपलीत टाकला. इन-सुक बूट काढून आत गेली.

खोली लहान, नीटनेटकी होती. बुटक्या चौरंगावर जेवण मांडलेलं होतं, भाताचे दोन वाडगे, सुक्या मासळीचं वाफाळतं सूप, चमचे दोन. कडेला उशी टेकवून बसायची जागा केलेली होती आणि त्या जागेवर बसल्याचा खोलगट वण होता. भिंतीवर क्लबच्या शेअरचा काचेतला दाखला. इन-सुक चौरंगापासून जरा लांब, दाराजवळ बसली. खालून तापवलेली जमीन उबदार होती. कोरड्या तलावाशेजारी दिवसभर एकटीने बसून आल्यावर ती ऊब तिच्या अंगात हळूहळू चढत गेली आणि तिला पेंग आल्यासारखं झालं.

“जेवलीस का?” कोणीतरी मायेने विचारलं.

“हो, जेवले,” ती म्हणाली. खरं तर ती जेवली नव्हती.

“कुठे जेवलीस? तोंड बघ किती सुकलंय. सरक पुढे, सूप गार होतंय.”

इन-सुक सवयीने पुढे सरकली, चमचा उचलला आणि मग थांबली. परसातून नळाच्या धारेचा आवाज येत होता, आणि सुन-न्यो शेजारणीला मोठ्याने सांगत होती, मीठ यंदा खारटच नाही म्हणून.

चमचा तिच्या हातात होता. समोरच्या वाडग्यातून वाफ निघत होती आणि पलीकडच्या उशीशी पोचून जरा वळत होती. उठून पळावं असं तिला वाटलं नाही. भीती वाटत होती, पण गेल्या कित्येक वर्षांत तिला जेवलीस का म्हणून कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं होतं.

तिने मान लववली, जेवायला बसताना वडीलधाऱ्यांपुढे लववतात तशी, आणि सुपाचा पहिला घोट घेतला.